निळी पट्टी

तोफूवाला आज थांबला नाही. त्याचं पितळी शिंग गल्लीच्या तोंडाशी वाजलं, डॉक्टरांच्या फाटकाशी वाजलं, मग एकदम गप्प झालं आणि चढ संपल्यावर, पार देवळाच्या कुंपणाशी पुन्हा वाजू लागलं. मधल्या गप्प तुकड्यात एकच घर होतं आणि ते इसोगाई नाओयुकींचं होतं. इसोगाई ओसरीवर गालाला साबण लावून बसले होते. वस्तरा त्यांच्या हातात तसाच राहिला. टोकियोतल्या उशिगोमेच्या या चढावर ते राहायला आले तेव्हापासून हा माणूस, आणि त्याच्या आधी त्याचा बाप, रोज सकाळी फाटकाशी कावड उतरवून, गुरुजी म्हणावं तशा आदराने, विचारत आला होता, "सेन्सेई, आज मऊ की घट्ट?" इसोगाई मंत्री झाले तेव्हाही त्याने हेच विचारलं आणि मंत्रिपद गेलं त्याच्या दुसऱ्या दिवशीही हेच. एकदा कुणा माथेफिरू पोराने याच फाटकात त्यांच्यावर सुरा चालवला होता. त्या सकाळी रक्त धुतलेल्या ओल्या दगडावर कावड टेकवून हा बाबा उभा होता, मऊ की घट्ट म्हणून. आणि आज त्याने शिंग तोंडातून काढून हातात धरलं असणार आणि पाय उचलून झपाझप चढ चढला असणार. दोन्ही बादल्यांतलं, सोयाबीनच्या दुधाच्या वड्या बुडवलेलं पाणी हिंदकळलं असणार. इसोगाईंना ते पाणी दिसलं.

त्यांची बायको सेत्सु वाडगा घेऊन स्वयंपाकघरातून बाहेर आली होती. ती फाटकाकडे पाहत उभी राहिली.

"विसरला असेल," ती म्हणाली.

"शिंग तोंडात धरलेला माणूस काय विसरणार?"

"मग घाईत असेल."

"घाईतला माणूस चढावर दम घेतो. याने दमसुद्धा घेतला नाही."

"तुम्ही दाढी करा बघू. साबण वाळतोय," सेत्सु म्हणाली आणि कोरडाच वाडगा पुसत आत गेली.

साबण खरंच वाळला होता. इसोगाईंनी वस्तरा पुन्हा पाण्यात बुडवला. म्हणजे तोफूवाल्यालाही ठाऊक आहे, आज काय आहे ते. वर्तमानपत्रांना काही छापायची परवानगी नाही, तरी त्याला ठाऊक आहे. गेल्या महिन्यात सभागृहात सैनिकांच्या घरच्यांना मिळणाऱ्या मदतीवर चर्चा चालू होती. कंटाळवाणा विषय, अर्धे सभासद पेंगलेले. इसोगाई बोलायला उठले, आकडे वाचले, आणि मग हातातला कागद खाली ठेवून म्हणाले की चीनमधून पांढऱ्या कापडात बांधलेल्या अस्थींच्या पेट्या माझ्या जिल्ह्यातल्या स्टेशनावर उतरतात, तेव्हा आया मला विचारतात, हे संपणार कधी. आणि मला उत्तर येत नाही. जो देश 'माझं चुकलं' असं म्हणू शकत नाही, त्याला थांबता येत नाही. आपलं चुकलं असेल तर ते म्हणायची जागा हे सभागृह आहे. बस, इतकंच. पेंगणारे जागे झाले. सैन्याच्या बाकांवरून कुणीतरी टेबलावर मूठ आपटली, आणि त्या आवाजाने सगळ्या सभागृहाला एकदम देशभक्ती आठवली. मग पवित्र युद्धाचा अपमान, शिस्तभंगाची समिती, पक्षाच्या पुढाऱ्यांचे फोन, जरा प्रकृतीचं कारण सांगून राजीनामा द्या ना, वय झालंच आहे तुमचं. इसोगाई दिवसभर फोनवर म्हणत होते की प्रकृती उत्तम आहे, सकाळी तोफू खातो. आज दुपारी त्यांना सभागृहातून काढून टाकायचा ठराव मताला येणार होता.

ठराव संमत होणार हे त्यांना ठाऊक होतं. त्याचं दुःख त्यांनी आधीच करून घेतलं होतं. पण माणूस एखाद्या गोष्टीची आशा सोडतो तेव्हा तिचा एक कोपरा मुठीत धरून ठेवतोच. इसोगाईंच्या मुठीतला कोपरा होता नेगोरो. बाकीच्यांनी काय हवं ते करावं, पण चाळीस वर्षं आपण जे बोललो ते एका तरी माणसाच्या हाडात उतरलं आहे, एक तरी माणूस आज आपल्या नावानिशी उठून 'नाही' म्हणेल, एवढं त्यांना हवं होतं. एवढं मिळालं तर उरलेलं आयुष्य ओसरीवर बसून काढायला त्यांची ना नव्हती.

आत सेत्सु डॉक्टरीणबाईंचा लाखेचा डबा परत पाठवायच्या तयारीत होती. परवा त्यातून मुळ्याचं लोणचं आलं होतं. डबा धुऊन पुसून तिने समोर ठेवला होता आणि फडताळात काहीतरी धुंडाळत होती. साखर नव्हती, चहा मोजका होता, काड्यांची एकच पेटी उरली होती. शेवटी तिने कोऱ्या पांढऱ्या कागदाची नीट घडी करून डब्यात ठेवली. भेट ज्यातून आली ते भांडं, किंवा ज्यात बांधून आली तो रुमाल, रिकामा परत करायचा नसतो. चार काड्या, मूठभर डाळ, अगदीच काही नाही तर कागद, पण रिकामा नाही. सेत्सुच्या माहेरी तर असं करणं म्हणजे दारात उभं राहून 'तुमचा आमचा संबंध संपला' म्हणून ओरडण्यासारखं मानत. भूकंपानंतर सगळं टोकियो जळून पडलं होतं, तेव्हा कुणीतरी भाताचे दोन गोळे पाठवले. त्याचंही फडकं हिने झाडाचं एक पान ठेवून परत केलं होतं. इसोगाईंनी तेव्हा तिची टिंगल केली होती. तुझ्यामुळे या देशाला कधी कुणाशी भांडता येणार नाही, असं म्हणाले होते.

डबा घेऊन ती निघणार इतक्यात फाटक करकरलं. नेगोरो आला होता.

नेगोरो शुन्साकु या घरात पहिल्यांदा आला तेव्हा एकवीस वर्षांचा होता, तात्सुओचा वर्गमित्र. तात्सुओ हा इसोगाईंचा एकुलता एक मुलगा. साथीच्या हिवाळ्यात त्याला ताप भरला आणि आठवड्यात तो गेला. अंत्यविधीला आलेला हा लांब मानेचा पोरगा सगळे गेल्यावरही ओसरीवर बसून राहिला. रडणं नाही, बोलणं नाही, सेत्सुने पुढे ठेवलेला भात मात्र त्याने संपवला आणि बाईसाहेब म्हणावं तशा आदराने म्हणाला, "ओकुसामा, मी उद्या आलो तर चालेल का?" तो दुसऱ्या दिवशी आला, आणि येतच राहिला. त्याने इसोगाईंची भाषणं उतरवून घेतली, त्यांच्या बॅगा उचलल्या, निवडणुकीत बर्फातून गावोगाव त्यांच्या नावाने घसा फोडला. त्याचं लग्न इसोगाई पतिपत्नींनी मध्यस्थ म्हणून लावलं. मुलगा झाला तेव्हा त्याने इसोगाईंच्या नावातलं एक अक्षर मागून घेतलं आणि मुलाचं नाव नाओओमी ठेवलं. आता तो स्वतः सभासद होता, चाळिशी ओलांडलेला, कपाळ मागे सरकलेलं. या घरात आला की तो आधी देव्हाऱ्यापुढे बसून तात्सुओच्या फोटोला उदबत्ती लावायचा आणि मगच बोलायला बसायचा.

आज त्याने उदबत्ती लावायला वेळ घेतला. इसोगाई दाढी पुसत बाहेरच्या खोलीत आले तेव्हा तो अजून फोटोसमोर वाकलेला होता आणि सेत्सुच्या हातात जांभळ्या रेशमी रुमालात बांधलेलं काहीतरी होतं. लहानसं, चपटं.

"अरे, कशाला हे आता," सेत्सु म्हणत होती. "असल्या दिवसांत."

"क्षुल्लक आहे, ओकुसामा," नेगोरो म्हणाला. तिच्याकडे पाहून तो आणखी काहीतरी खाली आवाजात बोलला, ते इसोगाईंना ऐकू आलं नाही. सेत्सुने मान डोलावली, पुडकं दोन्ही हातांनी कपाळाला लावलं आणि तात्सुओच्या फोटोपुढे ठेवलं. या घरात आलेली प्रत्येक भेट आधी तात्सुओची. आणि देणारा समोर बसलेला असताना गाठ सोडायची नसते, हे तर शेंबड्या पोरालाही कळतं.

"बस," इसोगाई म्हणाले. "तोफू नाही आज. नाहीतर खायला घातला असता."

"सेन्सेई, मी घाईत आहे. एक विनंती करायला आलोय."

"राजीनाम्याची असेल तर चहासुद्धा मिळणार नाही."

नेगोरो हसला नाही. एरवी तो हसला असता. "गुप्त मतदान मागा," तो म्हणाला. "नियमात तरतूद आहे. तीस सह्या लागतात. मी आणतो तीस. चाळीस आणतो. चिठ्ठ्या झाल्या तर तुम्ही वाचाल, सेन्सेई. मी मोजलंय. मनातून किती जण तुमच्या बाजूचे आहेत ते तुम्हाला ठाऊक नाही."

"मनातून," इसोगाई म्हणाले.

"हो."

"मला ठाऊक आहे रे. काल रात्री दोघे फोनवर रडले. मनातून सगळा देश माझ्या बाजूचा आहे. बाहेरून तोफूवालासुद्धा नाही."

"सेन्सेई, माणसांना बायकापोरं असतात."

"ती तेव्हाही होती."

तेव्हा म्हणजे केव्हा ते सांगायची गरज नव्हती. इसोगाई तरुण होते, एका वर्तमानपत्रात लिहीत होते, तेव्हा सभागृहात महत्त्वाच्या ठरावालाही सभासद नुसते जागेवर उभे राहायचे. कोण उभं राहिलं, कोण अर्धवट उठून खाली बसलं, कुणाला पत्ता लागायचा नाही, आणि मतदारांपुढे सगळेच शूर. नावाची लाकडी पट्टी हातात घेऊन चालत जायचं, होकाराची पांढरी, नकाराची निळी, हा प्रकार कागदावर होता, पण वापरात यायचा क्वचित. प्रत्येक मोठ्या प्रश्नावर पट्ट्या मागायच्या, हा इसोगाईंचा हट्ट. पहिल्यांदा निवडून आले तेव्हापासून त्यांनी तो धरला आणि पट्ट्यांचा इसोगाई म्हणून लोक त्यांची थट्टा करू लागले. जे मत नाव लावून देता येत नाही ते मत चोरीचं, असं त्यांनी एका लेखात लिहिलं होतं आणि त्या काळी विद्यार्थी ते वाक्य एकमेकांना ऐकवत. लांब मानेच्या एका पोराने तर या ओसरीवर बसून ते तोंडपाठ म्हणून दाखवलं होतं. आता तोच पोरगा समोर बसून चिठ्ठ्या मागत होता आणि त्याच्या कपाळाला या थंडीत घाम आला होता. काळजीने आला, असं इसोगाईंनी ठरवून टाकलं. आपल्यासाठी काळजी करणारा माणूस म्हणून त्यांना त्याच्याबद्दल माया वाटली.

"शुन्साकु, मी गुप्त मतदान मागितलं तर आजवर बोललो ते सगळं मीच पुसून टाकलं असं होईल. अंधारात वाचायचं नाही मला. उजेडात एकाने जरी निळी पट्टी टाकली तरी पुरे आहे."

नेगोरो खाली बघत होता.

तुझ्या पट्टीबद्दल मी विचारत नाही, असं इसोगाई म्हणणार होते, पण तेही म्हणाले नाहीत. तसं म्हणणंसुद्धा विचारण्यासारखंच झालं असतं. मुलाला कुणी विचारतं का, तू माझा ना म्हणून? "तू सांभाळून राहा," एवढं ते म्हणाले.

नेगोरोने दोन्ही हात चटईवर टेकले आणि कपाळ खाली लावलं. तो इतका वेळ तसाच राहिला की इसोगाईंना अवघडल्यासारखं झालं. "पुरे पुरे," ते म्हणाले. "मी मेलो नाही अजून." नेगोरो उठला. जाताना त्याने एकदा देव्हाऱ्याकडे पाहिलं आणि एकदा सेत्सुकडे. मग फाटक करकरलं.

घरून निघताना इसोगाईंनी पुडक्याकडे पाहिलं होतं. उघडू का, असं मनात आलंही. पण सेत्सु कोट हातात धरून उभी होती, आणि ट्राम चुकली असती.

ट्राममध्ये बसायला जागा मिळाली. शेजारच्या माणसाने त्यांना ओळखलं आणि वर्तमानपत्र जरा वर धरलं. खंदकाच्या कडेने ट्राम चालली होती, काठावरच्या एका झाडाला फुलं धरली होती, आणि इसोगाईंच्या मनात सारखी एक जुनी पट्टी येत होती. विचार बाळगल्याबद्दल माणसाला तुरुंगात घालणारा तो कायदा आला, त्या वर्षीची. पक्षाचा आदेश पांढऱ्याचा होता. तेव्हाची इमारत लाकडी होती, तात्पुरती म्हणून बांधलेली आणि मग वर्षानुवर्षं राहिलेली. फटींतून वारा यायचा आणि माणूस चालला की जमीन बोलायची. निळी पट्टी घेऊन ते जागेवरून उठले आणि मंचापर्यंत चालत गेले. ती लाकडी वाट त्यांच्या पावलांखाली अशी वाजत होती की सगळ्यांनी माना वळवल्या. पाय कापत होते. ते त्यांनी कुणाला कधी सांगितलं नाही, एका नेगोरोला सोडून. पुढे नवी दगडी इमारत झाली, जुनी मोडायला काढली, तेव्हा कारकून जुन्या पट्ट्यांच्या पेट्या जाळायला नेत होते. त्यातून इसोगाईंनी ती एक मागून घेतली. बोटाच्या पेरांमुळे कडेचा रंग उडालेला, मधे काळ्या शाईत स्वतःचं नाव. नेगोरो निवडून आला त्या संध्याकाळी त्यांनी ती त्याच्या हातावर ठेवली. तात्सुओ असता तर त्याला दिली असती, असं म्हणालेही. नेगोरो तेव्हा रडला होता. आपल्या घरातल्या मानाच्या कोनाड्यात, जिथे लोक चित्र लावतात, तिथे त्याने ती ठेवली. नाओओमीला तिला हात लावायची परवानगी नव्हती.

ज्याच्यावर ठराव, त्याने आपलं म्हणणं मांडायचं आणि बाहेर जायचं, असा नियम होता. इसोगाईंनी म्हणणं मांडलं. महिन्यापूर्वी बोललो त्यातला शब्द मागे घेत नाही, आणि आज मत देताना प्रत्येकाने आपलं नाव नीट वाचून घ्यावं, एवढंच ते बोलले. कुणी आरडाओरडा केला नाही. याचंच त्यांना वाईट वाटलं. बाहेर जाताना नेगोरोच्या बाकाजवळून जावं लागलं. नेगोरो समोरच्या टेबलातल्या खणाकडे पाहत होता. त्या खणात दोन्ही रंगांच्या पट्ट्या असतात.

पक्षाच्या खोलीत एक शेगडी, दोन खुर्च्या आणि कुणीतरी अर्धवट सोडलेला पटावरचा डाव होता. इसोगाई दाराकडे तोंड करून बसले. जुन्या इमारतीत असते तर त्यांना सगळं ऐकू आलं असतं, कोण उठला, कोण रेंगाळला, कारकुनाच्या हातातल्या तबकात पट्टीवर पट्टी पडल्याचा टकटक आवाज. इथे काही ऐकू येत नव्हतं. हा दगड आपण सगळ्यांनी मिळून किती अभिमानाने आणवला होता. उद्घाटनाच्या दिवशी याच भिंतीवर हात फिरवून आपण म्हणालो होतो की आता लोकांचं राज्य हलायचं नाही. तेच हात आता शेगडीवर धरले होते, तरी बोटं गार पडली होती. त्यांनी डोळे मिटले आणि नेगोरोला चालताना पाहायला लागले. तो उठला. हातात निळी. पाय कापत असतील. कापू देत, ते दिसत नाही, फक्त चालत राहा. ते त्याला मनातल्या मनात एकेक पाऊल पुढे नेत होते, मंच जवळ येत होता, आणि दर वेळी अगदी शेवटच्या पावलाला चेहरा तात्सुओचा होत होता. मग पुन्हा सुरुवातीपासून.

दार उघडून ताबुची आत आला. ताबुची म्हणजे विरोधी पक्षातला त्यांचा जुना वैरी, जाडा, तोंडाचा फाटका, जमीनदारांचा माणूस. पंचवीस वर्षं तो इसोगाईंना भरसभेत पुस्तकी किडा म्हणत आला होता. तो दुसऱ्या खुर्चीत धपकन बसला.

"गेलास," तो म्हणाला.

"किती?"

"निळ्या सात. त्यातली एक माझी."

इसोगाईंनी त्याच्याकडे पाहिलं.

"असा बघू नकोस. तुझं भाषण मला अजिबात पटलेलं नाही. पण आयुष्यभर ज्याला शिव्या घातल्या त्याला हाकलून दिला, तर मी उद्यापासून शिव्या कुणाला घालू?" ताबुचीने शेगडीतले निखारे उगाच हलवले. तो आता काहीतरी बोलायचं टाळत होता, आणि त्याला टाळता येत नव्हतं. "बरेच जण आलेच नाहीत. कुणाचं पोट दुखलं, कुणाची आई आजारी. तुझा तो लांब मानेचा आला होता."

इसोगाईंनी शेगडीवरचे हात मागे घेतले.

"पांढरी," ताबुची म्हणाला. "गैरहजर राहिला असता तर मी समजू शकलो असतो. पोरगा लष्करी शाळेत आहे म्हणे त्याचा. पण आला, आणि दोन्ही हातांनी धरून नेली. सैन्याच्या बाकांना दिसेल अशी."

"तुझ्या डोळ्यांना आता नीट दिसत नाही, ताबुची."

"नाव पुकारतात रे. ऐकू येतं मला." मग तो म्हणाला, "चल, दारू पाजतो. तुझ्या पैशाने कधी पाजली नाहीस, माझ्या पैशाने पी."

इसोगाई नको म्हणाले. त्यांना राग येईल असं वाटलं होतं, पण राग आला नाही. काखेखाली, जुन्या सुऱ्याच्या व्रणाजवळ, फक्त एक पोकळ कळ येत राहिली. ताबुचीसारख्या माणसाने निळी टाकली होती. ज्याला आपण कधी एक गोष्ट शिकवली नाही त्याने टाकली.

घरी पोचले तेव्हा उजेड होता. दारात त्यांनी बूट काढायला वेळ लावला. सेत्सुने त्यांचा चेहरा पाहिला आणि विचारलं नाही. पाण्याचं भांडं आणून दिलं, कोट घेतला, बसायला उशी सरकवली. पाणी पिऊन ते म्हणाले, "शुन्साकुने पांढरी टाकली."

सेत्सु हललीच नाही. "कुणाचं तरी चुकलं असेल," ती म्हणाली. "दुसरं नाव असेल."

"नाही."

तिची नजर देव्हाऱ्याकडे गेली आणि तिथेच राहिली. मग ती अगदी सावकाश बोलू लागली. "सकाळी तो मला म्हणाला होता, सेन्सेई निघायच्या आधी त्यांना हे उघडू द्या. मला वाटलं, गोड काही असेल, खराब होईल म्हणून म्हणतोय. म्हटलं, बाहेरून आले की चहाबरोबर देईन. तुमची ट्राम..." ती थांबली.

इसोगाई उठून फोटोपुढे जाऊन बसले. त्यांनी पुडकं मांडीवर घेतलं. जांभळ्या रेशमावर नेगोरो घराण्याचं चिन्ह होतं आणि गाठ मानाच्या भेटीला मारतात तशी, दोन्ही टोकं सारखी. आत तलम कागद, कागदात लाकूड. कडेचा रंग उडालेली निळी पट्टी, मधे त्यांचंच नाव. चिठ्ठी नव्हती, शब्द नव्हता. उलटी करून पाहिली, मागेही काही नव्हतं.

म्हणजे हे आधीच ठरलं होतं. उदबत्ती लावताना ठरलेलं होतं. तो समोर बसून गुप्त मतदान मागा, गुप्त मतदान मागा म्हणत होता, तेव्हा हे लाकूड चार हातांवर तात्सुओच्या फोटोपुढे होतं. चिठ्ठ्या त्याला हव्या होत्या, स्वतःसाठी. अंधार झाला असता तर त्याने निळी टाकली असती, आणि रडत इथे येऊन सांगितलंही असतं, आणि आपण त्याला पाठीवर थोपटलं असतं. घाम त्याच भीतीचा होता, आणि आपण त्याच्यावर माया केली. त्याच्या मते त्याने सांगितलं. सगळं रीतसर, रेशमात बांधून, दोन्ही हातांनी. मी उघडलं नाही, हा माझा दोष. रात्री जेवताना तो बायकोला सांगेल की सेन्सेईंना मी आधीच कळवलं होतं, आणि ते खरंच असेल. इसोगाईंच्या तोंडून एक आवाज निघाला, हसण्यासारखा. वीस वर्षं याने माझा भात खाल्ला आणि एक वाक्य बोलायला याला फडक्याचा आडोसा लागला. त्यांना आता राग आला. इतका आला की पट्टीवरची बोटं पांढरी पडली. सैन्याने हाकललं त्याचं काही नव्हतं, ते परके होते. हा घरातला होता. तात्सुओ एकदाच गेला होता. हा आज समोर बसून, कपाळ टेकून गेला.

पट्टी त्यांनी फोटोपुढे ठेवली नाही. आपल्या किमोनोच्या रुंद बाहीत घातली.

अंधारून यायला लागलं तशी सेत्सु उठली. तिच्या डोळ्यांच्या कडा लाल होत्या, पण हात नेहमीसारखे चालत होते. तिने रुमाल उचलला, झटकला, चटईवर पसरून सुरकुत्या काढल्या. "उद्या डॉक्टरांची मोलकरीण त्या बाजूला जाते, तिच्याकडे देते," ती म्हणाली. "महागाचा आहे. आपल्याकडे राहायला नको." मग ती फडताळाकडे गेली. कागद सकाळी डॉक्टरीणबाईंच्या डब्यात संपला होता. तिने उरलेली काड्यांची एकुलती एक पेटी आणली आणि न पाहताच, सवयीने, रुमालाच्या मधोमध ठेवली.

इसोगाईंनी हात लांब करून पेटी उचलली आणि तिच्या तळहातावर ठेवली.

"नको," ते म्हणाले. "रिकामा जाऊ दे."

सेत्सुने त्यांच्याकडे पाहिलं. "अहो, रिकामा?"

"हो."

"त्याच्या बायकोने काय केलंय? तिच्या हातात पडेल तो."

"तिला कळेल. त्यालाही कळेल. फडक्यातलं त्याला चांगलं कळतं."

ती बराच वेळ पेटी हातात धरून बसली. त्यांना वाटलं, ती ऐकणार नाही, गुपचूप एखादी काडी तरी घडीत सरकवेल. मग तिने पेटी बाजूला ठेवली, रुमालाची टोकं टोकांना जुळवली, एकदा दुमडला, पुन्हा दुमडला, आणि काही राहिलं नाही ना हे पाहायला वरून तळहात फिरवला. घडी तिने फाटकाजवळच्या फळीवर नेऊन ठेवली आणि स्वयंपाकघरात जाऊन त्याच पेटीतल्या काडीने चूल पेटवली.